छापील अर्ज

खिडकीबाहेर हॉल तिकिटांसाठी पोरांची रांग लागली होती आणि नवा प्रिंटर ढिम्म हलत नव्हता. त्याचं मॉड्यूल, म्हणजे तो चालवणारा सॉफ्टवेअरचा तुकडा, बनवायला लिनक्सचा जो कर्नल, म्हणजे गाभा, चालू असेल, त्याच्याच हेडर नावाच्या फाइल्स लागतात. शेजारच्या टेबलावरच्या आमच्या अतिउत्साही मित्राने जुना पसारा म्हणून नेमक्या त्याच पुसल्या आणि नव्या कर्नलच्या टाकून ठेवल्या. ऑफिसचं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, अजून चालू होतं जुन्याच कर्नलवर. एकदा रीबूट केलं की नवा कर्नल चढणार आणि सगळं जुळणार.

"रीबूट?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी आल्यापासून हे मशीन एकदाही बंद झालेलं नाही. रीतसर अर्ज द्या, सही करतो."

"आत्ता लिहून देतो, साहेब."

"हाताने लिहिलेला चालत नाही. छापून आणा."

मी मान डोलावली, वळलो आणि माझा पाय मशीनच्या वायरीत अडकला. अडकवला असं कोणाला म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा. मशीन बंद झालं, वायर परत लावल्यावर नव्या कर्नलवर सुरू झालं, मॉड्यूल बनलं, प्रिंटर खडखडला.



पहिला कागद साहेबांनी काढला, माझ्यासाठी नोटीस: विनापरवानगी मशीन बंद केल्याबद्दल तात्काळ खुलासा द्यावा, छापील.