चार हजार थेंब

हौस म्हणून मी संगणकावर चार हजार थेंबांचं पाणी बनवलं. ते ज्या डब्यात साठायचं, त्याची उजवी भिंत प्रोग्रॅममध्ये लिहायला विसरलो, बटण दाबलं, आणि सगळं पाणी पडद्याच्या कडेवरून टेबलावर, टेबलावरून फरशीवर उतरलं. हवं तर विश्वास ठेवू नका.

तिथून ते थेट गॅलरीकडे निघालं. गॅलरीत बायकोने वर्षभराच्या कुरडया वाळत घातल्या होत्या.

"अहो, एक जरी भिजली, तर तुमचं यंत्र खाली फेकीन," ती म्हणाली.

आता भिंत लिहून उपयोग नव्हता, पाणी बाहेर पडलेलं. कुरडया वीतभर लांब राहिल्या, तेव्हा मी चिकटपणाचा आकडा शंभरपट केला. पाणी काकवीसारखं दाट होऊन जागीच थांबलं.

तिने वाकून बोट बुडवलं, चाखलं.

"जमलंय. आता गोडीचा आकडा वाढवा."