खडूची गाडी

दिवाळीत झोपायची सोय असलेली कॅम्पर गाडी भाड्याने घ्यायची आणि डोंगरातल्या मातीच्या वाटांवर बाइक पळवायच्या, असं ठरल्यापासून वैभवला चैन नव्हतं. लालबागच्या त्यांच्या एवढ्याशा खोलीत कोण कुठे झोपणार हे ठरलेलं असायचं. गाडीतही आधीच ठरवायला हवं. म्हणून त्याने चाळीच्या गच्चीवर खडूने गाडी आखली. आई कमल आणि मुलगी पूर्वीला आत झोपवून तो पुढे बसला आणि बायकोला हाक मारली.

"सीमा, फोटो काढ आणि तूही ये गं."

दुपारचे चार. वारा पडलेला. दोरीवरची चादर हलत नव्हती.

आधी सासूबाईंचे केस उडाले. मग तिघंही एकदम डावीकडे कलली, मग उजवीकडे.

"हळू रे, घाट आहे," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या.

"पुरे हां नाटकं!" सीमा हसली. तिच्या पावलांवर लाल धूळ येऊन बसत होती.

ती धावली. रेघ चार पावलांवर होती. चार पावलं टाकली, तरी रेघ चार पावलांवरच.

"वैभव, थांबव!"

"बाबा, आई मागे राहिली!" पूर्वीचा आवाज खूप लांबून आला.

त्याहून लांबून वैभवचा, वैतागलेला.

"आता घाटात कुठे वळवू?"