पहिलीवर लक्ष ठेवायला

बाळाच्या पोटावरच्या पट्ट्यातला सेन्सर श्वास मोजत होता, पण केतकीच्या लॅपटॉपवर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटत होती.

“काय म्हणतोय आमचा नातू?” सासूबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं.

“तो नीट आहे हो आई, पट्ट्यातली चिप बरळतेय.”

चिपचं घड्याळ तिने दुप्पट वेगाचं धरलं होतं, म्हणून अक्षरं पाठवायचा वेग चुकत होता. तिने चिपच्या वेग ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये १०३ च्या जागी ५१ लिहिलं. पडद्यावर स्वच्छ अक्षरं आली: श्वास ठीक.

तरी तिने बाळाच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं.

“आता तरी घटकाभर झोप गं.”

“झोपते. पण हीच बंद पडली तर?” पहिलीवर लक्ष ठेवायला केतकीने दुसरी चिप जोडायला घेतली.

“आणि दुसरी बंद पडली तर?”

“तिसरी उद्या येतेय, आई.”