जगावेगळ्या मिशा

किड्याचा पाय मोडला की माणसाची नोकरी मोडायची, ही सरांची शिस्त. किड्यांना टाचण्या लावून पेटीत बसवायचं काम ताईंकडे यायच्या आधी जो माणूस होता, तो अशाच एका पायापायी घरी गेला होता.

आज सरांच्या नव्या किड्याची माहिती छापून आली होती. जंगलातून मिळालेला एकुलता एक नमुना, वास असा की नाक दाबून धरावं, आणि मिशा पिवळ्या पट्ट्यांच्या. प्रयोगशाळेत केक वाटला जात होता आणि ताई रुमाल पिळत दाराशी येरझाऱ्या घालत होत्या.

"सर, मला जरा बोलायचं होतं..."

"तीन महिने हेच चाललंय तुमचं! अहो, आधी ऐका तरी. असल्या मिशा याच्या अख्ख्या खानदानात कुणाला नाहीत, म्हणून तर ही जात नवी ठरली. आणि तिला नाव दिलंय तुमचं! वीस वर्षांत एक पाय मोडला नाही हो तुमच्या हातून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ताईंच्या हातात केकची बशी दिली.



किड्याच्या स्वतःच्या काळ्या मिशा अजून त्यांच्या खणात पडल्या होत्या, तुटलेल्या, डिंकाच्या बाटलीशेजारी.