जयगडचा खलाशी

"आजोबा बुडाले नव्हते, बाबा," जुन्या जहाजी नोंदी धुंडाळून आलेली वैजयंती म्हणाली.

महायुद्धात बोट बुडाली, सगळे खलाशी गेले, अशी खबर जयगडला आली होती. आजीने मात्र मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. गावाने तिला वेडी ठरवलं.

"म्हणजे आईचं खरं होतं!" ऐंशी उलटलेल्या भिकाजींचे डोळे भरून आले. "मग पुढे?"

"वाचले होते. नंतर कितीतरी बोटींवर काम केलं. मुंबईलाही उतरायचे." तिचा आवाज खाली गेला. "वारस विचारल्यावर मात्र दर वेळी 'कोणी नाही' असंच सांगितलंय."

भिकाजींनी डोळे पुसले. मग म्हणाले, "आईने त्यांचं श्राद्ध कधी करू दिलं नाही. गुरुजींना बोलाव. तिथी बोट बुडाली त्या दिवसाचीच सांग."