पहिला नंबर

लिंबायतच्या इंग्रजी शाळेत वादविवाद स्पर्धा होती. विषय : देशाची राजभाषा इंग्रजी करावी का? विरोधात बोलायचं असलं तरी बोलायचं इंग्रजीतच, हा शाळेचा नियम. लाज कुणालाच वाटली नाही.

वर्षा विरोधात उभी राहिली आणि तिने आपल्या बापाचं मरण सांगितलं. डॉक्टर इंग्रजीत म्हणाला होता, यांना आत्ताच दाखल करा. आई "हां साहेब" म्हणाली आणि त्यांना घरी घेऊन आली. ऐकताना परीक्षकसुद्धा डोळे पुसत होते. वर्षाचा पहिला नंबर आला.

मागच्या रांगेतून तिची आई सुभद्राबाई हसत पुढे आली, लेकीवरून बोटं मोडली आणि हळूच विचारलं,



"इतला लोक रडनात बेटा, तुन्हा भाषणमा कोन मरनं?"