तुझ्याच बाजूला

काचेचं डायनिंग टेबल म्हणजे त्या दोघांच्या भांडणाची हक्काची जागा. आजोबा वरून पुसायचे, आजी चटई टाकून खालून, आणि एखादा डाग राहिला की "तुमच्या बाजूला आहे", "छे, तुझ्याच!" हे ठरलेलं.

आज आजोबांनी हात भरून येईपर्यंत वरून घासलं, तरी डाग काही जाईना.

"बघ! तुझ्याच बाजूला निघाला की नाही?" ते जिंकल्याच्या थाटात म्हणाले.

खालून उत्तर द्यायला आता आजी होती कुठे? मग गुडघे धरत तेच खाली शिरले आणि तिचीही बाजू पुसली. डाग आपला तिथेच. घाम टिपायला त्यांनी चष्मा काढला, तर डाग चष्म्याबरोबरच निघून आला.



चष्मा रोज सकाळी आजीच पुसून ठेवायची.